देवडीत अडकलेली थापी

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की डोंगरांना अजून नावं पडायची होती. माणसं मात्र तेव्हाही आजच्यासारखीच होती, म्हणून तर ही गोष्ट सांगावीशी वाटते.

एका राजाच्या राज्यात बारा गावं होती. तिथला पाऊस फार लहरी. एक वर्ष पिकायचं, पुढची दोन वर्षं नुसती धूळ उडायची. म्हणून पिकलेलं धान्य लोक पेवात ठेवायचे. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेलं कोठार. तोंड एवढंसं, माणूस अंग चोरून उतरेल असं, आणि आत गेलं की खोलीएवढी जागा. त्याच्या भिंती माती, शेण नि राख कालवून लिंपायच्या, लाकडी थापीनं ठोकून ठोकून दगडासारख्या करायच्या, खाली कडबा अंथरायचा आणि मग ज्वारी ओतून तोंड बंद करायचं. लिंपण नीट झालं तर ज्वारी पाच वर्षं जशीच्या तशी. बोटभर जागी ओल राहिली, तर वर्षाच्या आत सगळी काळी.

म्हणून पेव लिंपणाऱ्यांना त्या राज्यात मान होता.

त्यांतलीच एक गोजरा. वय काही फार नव्हतं, पदरात चार वर्षांची तुळी. हे काम ती आईकडून शिकली होती. आई सांगायची, "हातावर विसंबू नकोस गं. हात कामानं निबर होतात, त्यांना ओल कळत नाही. गाल लाव भिंतीला." गोजरा गाल लावायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "इथं ओल आहे." तिथं ओल असायचीच.

तिचा नवरा धोंडिबा. दोन वर्षांमागं पेवाच्या झाकणाचा दगड सरकला आणि त्याचा पाय खाली सापडला. तेव्हापासून तो घरी दोर वळत बसायचा. दोरांवर घर चालत नाही. माघापासून शिमग्यापर्यंतचा दीड महिना काय तो पेवं लिंपायचा. त्या दीड महिन्यात गोजरा मजुरीची जी ज्वारी आणायची, तीच तिघांना वर्षभर पुरवावी लागायची.

आता राजवाड्याची एक रीत ऐका. पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

राजाची स्वतःची चाळीस पेवं होती; बारा गावांकडून साऱ्यात आलेलं धान्य त्यांत राहायचं. त्यांवर माणूस नेमायचा असला की दवंडी व्हायची. जे येतील त्यांनी एकेक लहान पेव लिंपून दाखवायचं आणि जाताना आपली थापी राजवाड्याच्या देवडीत, म्हणजे पहारेकऱ्याच्या खोलीत, ठेवून जायचं. थापी देवडीत आहे तोवर त्या माणसाला दुसऱ्या कुणी काम द्यायचं नाही. दिलं तर देणाऱ्याला दंड. राजाला हवा असलेला माणूस कुणी मधल्यामध्ये पळवू नये, म्हणून ही रीत.

पण रीतीला दुसरी बाजूही होती. आठ दिवसांच्या आत राजवाड्याचा स्वार प्रत्येकाच्या दारी जायचा. निवडलेला पुरुष असला तर पागोटं, बाई असली तर लुगडं. बाकीच्यांच्या थाप्या कापडात गुंडाळून परत द्यायचा आणि म्हणायचा, "राजवाड्यानं तुमचं काम पाहिलं. जागा एकच होती, ती भरली. तुम्ही मोकळे." लोक त्याला पाणी द्यायचे, जरा हळहळायचे आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागायचे.

मग नवा कारभारी आला. काटकसरी माणूस. त्यानं विचार केला, चार-सहा जणांना नुसतं 'नाही' सांगायला घोडा कशाला दमवायचा? त्यानं स्वार पाठवणं बंद केलं. रीतीची पहिली बाजू राजवाड्याच्या सोयीची होती, ती तशीच ठेवली.

हे मात्र त्यानं कुणाला सांगितलं नाही.

त्या वर्षी पौष सरता सरता दवंडी झाली. राजाच्या पेवांवर माणूस नेमायचा आहे, वर्षभराची ज्वारी मिळेल. धोंडिबा दोर वळता वळता म्हणाला, "जा की गोजरे. वर्षाची ददात मिटेल. माझ्या दोरानं तर हल्ली म्हशीसुद्धा बांधून घेत नाहीत."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर आठ दिवसांत थापी परत येईल. माघ पुरा उरलेला असेल. जाणार काय आपलं?"

गोजरा गेली. बारा गावांत पेव लिंपणारे होते ते सगळे, एकूण सात जण, आले होते. सगळ्यांत वयानं मोठा बहिरू, तिच्या आईच्या वेळचा. तीन दिवस सातही जण आपापल्या पेवात उतरून राबले. गोजरानं भिंत तीनदा ठोकली, चारही बाजूंनी गाल लावून पाहिला, मग वर आली.

कारभारी आला तो सुपारी कातरत. पेवाच्या तोंडाशी उभा राहिला.

"झालं?"

"झालं, सरकार. आत उतरून बघता का? कुठंही दाबून बघा."

"माझं धोतर धुतलेलं आहे," कारभारी म्हणाला. "नाव काय तुझं?"

"गोजरा."

"बरं. कळवू."

"कधीपर्यंत, सरकार?"

कारभाऱ्यानं अडकित्ता थांबवला. असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. "कळवू म्हणजे कळवू," तो म्हणाला आणि पुढच्या पेवाकडे गेला.

गोजरानं थापी देवडीत दिली आणि ती घरी आली.

पहिले आठ दिवस बरे गेले. रोज अंगण झाडायचं, तुळीची वेणी घालायची, स्वारासाठी गुळाचा खडा वेगळा काढून ठेवायचा. वाटेवर धूळ दिसली की गोजरा पदर सावरून दारात यायची. धोंडिबा मान उंचावून बघायचा आणि म्हणायचा, "आला बघ तुझा स्वार. शिंगं आहेत त्याला." पहिल्यांदा दोघं खूप हसली. चौथ्यांदा ती हसली नाही. मग त्यानंही म्हणायचं सोडलं.

नवव्या दिवशी गावची पाटलीण आली.

"काय गं गोजरे, माझी दोन पेवं कधी धरतेस?"

"थापी देवडीत आहे, पाटलीणबाई. निरोप आला की त्याच पावली येते."

"शिमगा थांबणार आहे का तुझ्या निरोपासाठी?"

"दोन दिवस थांबा ना."

पाटलीण चार दिवस थांबली. मग तिनं नदीपलीकडचा माणूस बोलावला. ती काही वाईट बाई नव्हती. तिची ज्वारी खळ्यात उघडी पडली होती आणि दंडाची भीती कुणाला नसते? तिच्यामागून सोनाराचं पेव हातचं गेलं, मग तेल्याचं गेलं.

गोजराला खायला उठायचा तो मात्र दुसराच विचार. निरोप का येत नाही? उजव्या कोपऱ्यात राख कमी पडली असेल का? की शेण ओलं होतं? की आपण 'कधीपर्यंत' असं विचारलं, ते नडलं? कुणी 'नाही' म्हणालं असतं तर ती एक दिवस रडली असती आणि उठली असती. कुणी काहीच म्हणालं नाही, म्हणून रोज ती स्वतःच स्वतःला एक नवं कारण देत राहिली. एकदा तिनं घरच्याच भिंतीला गाल लावला. कोरडी वाटली. मग मनात आलं, खरंच कोरडी आहे का ही?

विसाव्या दिवशी ती राजवाड्यावर गेली. पहारेकरी देवडीत बसून चणे खात होता.

"निरोपाचं विचारायला आले, दादा. पेवाच्या नेमणुकीचं."

"निरोप आला का तुला?"

"नाही."

"मग निरोप नाही."

"पण म्हणजे नेमलं नाही, का अजून ठरलंच नाही?"

"ते निरोपात असतं, बाई."

"आणि निरोप?"

"तो आला की कळेल." त्यानं तिच्यापुढं मूठभर चणे धरले. माणूस प्रेमळ होता. त्याला फक्त काही माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचं त्याचं काम नव्हतं.

तेवढ्यात वाऱ्यानं देवडीचं दार हललं, पण आपटलं नाही. खाली पाचर मारलेली होती. गोजरानं वाकून पाहिलं. पाचर म्हणजे तिची थापी. आईच्या आणि तिच्या हातानं मुठीशी झिजून झिजून खळगा पडलेली.

"दादा, ही माझी थापी आहे."

"असेल. दार फार आपटायचं."

"दुसरं लाकूड घाला की."

"दुसरं बसत नाही नीट. हेच बरोबर बसतं." तो जरा ओशाळला. "आणि हुकूम आल्याशिवाय मला देता येत नाही, बाई. माझी भाकरी जाईल."

गोजरा परत आली. घरी तिनं थापीचं सांगितलं नाही.

शिमग्याला सात दिवस उरले तेव्हा ती पुन्हा निघाली. या वेळी तुळीला कडेवर घेतलं, कारण घरात पोरीला द्यायला काही नव्हतं आणि वाटेत बोरं तरी होती. राजवाड्याच्या आवारात समोरून बहिरू आला. डोक्याला नवं पागोटं.

"बहिरूमामा! तुम्ही?"

"मी तर त्याच दिवशी लागलो कामाला," बहिरू म्हणाला आणि मग थबकला. "तुला कळवलं नाही?"

"नाही."

"अरे देवा. मला वाटलं, सगळ्यांच्या थाप्या कधीच गेल्या असतील." त्यानं पागोटं उगाच सारखं केलं. "विचारलं पाहिजे होतं मी. आपलं झालं ना, मग नाही विचारलं गं."

गोजराला त्याचा राग आला नाही. बहिरूचं काम चोख होतं, हे तिला माहीत होतं. तो नेमला गेला हे ऐकून तिला वाईटसुद्धा फार वाटलं नाही. महिनाभर ती कशाची वाट बघत होती, एवढंच तिला कळेनासं झालं.

कारभारी ओसरीवर होता. ती पायरीशी उभी राहिली.

"सरकार, मी गोजरा. पेव लिंपायला आले होते."

"कोण गोजरा?"

"सात जणांतली. नेमणूक झाली म्हणे."

"झाली की. कधीच झाली."

"आम्हाला कळवलं नाहीत."

"ज्याला घेतलं त्याला कळवलं," कारभारी म्हणाला. "बाकीच्यांना कळवलं नाही, म्हणजेच कळवलं. एवढं उमजू नये?"

"माझं काम कुठं कमी पडलं, सरकार?"

कारभाऱ्यानं आठवून पाहिलं. खरंच पाहिलं. "कमी पडलं असं नाही बहुतेक. आठवत नाही मला."

"मग एवढं करा. मला तोंडानं 'नाही' म्हणा आणि थापी द्या. मी गावात सांगते, राजवाड्यानं सोडलं म्हणून. अजून सात दिवस आहेत. दोन पेवं तरी होतील माझ्या हातून."

"आज तुला 'नाही' म्हटलं, की उद्या बाकीचे पाच येतील 'नाही' ऐकायला. 'नाही' म्हटलं की माणसं कारण विचारतात. कारण सांगितलं की रडतात. मला कामं आहेत, बाई."

"मी रडणार नाही."

तुळीला आईच्या कडेवर हे सगळं ऐकून कंटाळा आला होता. ती म्हणाली, "आई, हे काका तुला नाही म्हणतच नाहीत. मग घेतलं ना तुला?"

कारभारी मोठ्यानं हसला. "पोरगी हुशार आहे हो तुझी!" म्हणाला आणि आत निघून गेला.

त्या दिवशी गोजरा थेट पाटलिणीच्या दारात गेली. "पाटलीणबाई, जागा भरली आहे. मी डोळ्यांनी पाहून आले. आता मला काम द्यायला हरकत नाही."

"थापी आली का परत?"

"नाही."

"मग तुझ्या डोळ्यांवर माझा दंड माफ होईल का गं?" पाटलीण म्हणाली. मग तिनं आत जाऊन सूपभर ज्वारी आणून गोजराच्या ओटीत घातली. गोजरानं आजवर तिच्या घरून मजुरी नेली होती. फुकटची ज्वारी पहिल्यांदाच नेली.

ते वर्ष कसं गेलं ते सांगत बसत नाही. शेळी विकली, मग भांडी विकली. तुळीचे गाल आत गेले, आणि ती "भूक" म्हणायची ते हळूहळू म्हणेनाशी झाली. आईला त्याचीच जास्त भीती वाटायची. पुढच्या माघातही थापी देवडीतच होती, म्हणून पुढच्या माघातही काम नव्हतं. शेवटी गोजरा तलावाच्या बांधावर मुरमाच्या पाट्या वाहायला लागली. तिथं कुणी काही पारखत नव्हतं. डोकं आणि मान असली की झालं.

बाकीच्या पाच जणांचंही असंच काहीसं झालं. एक जण बायको-पोरं घेऊन राज्य सोडून गेला. दोघं बांधावरच होते. राहिलेली दोघं म्हातारी होती, ती घरी बसली. सहांपैकी एकानंही आपल्या मुलाबाळांना पेव लिंपायला शिकवलं नाही. ज्या कामाची पारख करायलासुद्धा कुणी खाली उतरत नाही, ते शिकवायचं कशाला?

तिसऱ्या वर्षी पाऊस लागला तो थांबेचना. त्यातच बहिरू तापानं गेला. राजाची चाळीसही पेवं भरलेली होती आणि काहींत पाणी झिरपायला लागलं होतं. आता कुणी जाणत्यानं उतरून सांगायला हवं होतं, की कुठली पेवं ओलावली आणि कुठली कोरडी आहेत. ओली तेवढी उपसली असती तर बाकीची वाचली असती.

दवंडी झाली. पेवाचं जाणणारं जे कुणी असेल त्यानं यावं, वर्षाची ज्वारी मिळेल. येताना थापी आणावी आणि देवडीत ठेवावी.

दवंडीवाला बांधावर आला तेव्हा बायका भाकरी खायला बसल्या होत्या. धोंडिबाही हल्ली तिथंच पाट्यांचे दोर सांधत बसायचा.

"ऐकलंस का?" तो म्हणाला.

"ऐकलं."

"मग जा की."

"तीन दिवस गेले की मुकादम माझ्या जागी दुसरी बाई उभी करील. मग काय करू? परत अंगण झाडत बसू?"

"बारा गावांचं धान्य आहे गं त्यात. आपली मजुरीही त्यातूनच येते."

गोजरानं उरलेली भाकरी फडक्यात बांधली. तुळी आता सात वर्षांची होती. तिनं भाकरीचा तुकडा हातातच धरून विचारलं, "आई, तुला येतं ना ते? गाल लावून ओल सांगायला?"

गोजरा उठली. चुंबळ डोक्यावर ठेवली.

"नाही गं," ती म्हणाली. "मला नाही येत."

धोंडिबानं दचकून तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर चुकवली नाही, कारण आपण खोटं बोलतोय असं तिला वाटलंच नव्हतं. तीन वर्षं ती रोज मनातल्या मनात ती एकच भिंत लिंपत होती आणि रोज ती भिंत कुठं ना कुठं ओली निघत होती.

बारा गावांतून कुणीच आलं नाही. मग कारभाऱ्यानं वरून बघूनच ठरवलं. ज्या पेवांची तोंडं खराब दिसत होती ती भर पावसात उघडली. ती आतून कोरडी होती, ती भिजली. ज्यांची तोंडं चांगली दिसत होती ती बंद ठेवली. ती आतून कुजत होती. कार्तिकात वास सुटला तेव्हा चाळीस पेवांत मिळून गुरांना घालण्याजोगी ज्वारीसुद्धा उरली नव्हती. गावांतली पेवं तर त्याआधीच त्या पावसात गेली होती.

राजानं विचारलं, "एवढ्या राज्यात पेव जाणणारं एक माणूस नाही?"

"आहेत, महाराज," कारभारी म्हणाला. "पण लोक माजलेत. बोलावलं तरी येत नाहीत."

राजाला ते खरं वाटलं. त्याच्याजवळ दुसरं कुणी सांगायला नव्हतंच.

गोजरानं सूड घेतला असं कुणी म्हणेल. कसला सूड! सूड घेणाऱ्याचं स्वतःचं पोट तरी भरलेलं असावं लागतं. उपासमार आली ती आधी बांधावर आली. मजुरीला ज्वारी नाही म्हणून बांधाचं काम बंद पडलं. एका सकाळी गोजरानं भाकरीची तवली डोक्यावर घेतली, एका हाताला तुळीला धरलं, धोंडिबा मागून लंगडत निघाला आणि तिघं नदी उतरून परक्या मुलखात गेली. त्यांच्यामागून आणखी घरं गेली. माघ उजाडला तेव्हा बारापैकी चार गावांत दिवा लावायला माणूस नव्हतं. शेजारच्या राजानं धान्य दिलं, आणि त्या धान्याच्या बदल्यात ती चार गावं घेतली. कारभाऱ्याच्या ताटातली भाकरी सगळ्यांच्या शेवटी निम्मी झाली, पण झाली.

तेव्हा लहानथोरहो, माणूस नको असला तर नको म्हणा, पण म्हणा. ज्याला तुम्ही उत्तराविना ताटकळत ठेवता, त्याचं कसब तिथंच मरतं, आणि मग तुमची गरज आली तरी ते उठत नाही.